ऐंशी वर्षांचं चक्र खरं का?

प्रश्न : दर ऐंशी वर्षांनी महासत्तेवर मोठं संकट कोसळतं म्हणतात. तथ्य किती? – एक वाचक, गिरगाव

उत्तर : हा हिशोब अमेरिकेवरून मांडलेला आहे. १७७५ चं स्वातंत्र्ययुद्ध, १८६१ चं यादवी युद्ध, १९४१ साली महायुद्धात प्रवेश. अंतर ८६ आणि ८० वर्षं. त्यामागचं कारण मात्र पटण्याजोगं आहे. संकट सोसलेली पिढी नियम घालते, ती गेली की ते नियम जाचक वाटू लागतात. महामंदीनंतर १९३३ मध्ये अमेरिकेने बँकांच्या ठेवी आणि रोख्यांचा धंदा यांत भिंत घातली. १९९९ मध्ये ती पाडली.

पण तारखा जुळवणं सोपं असतं, आणि इथेच फसगत होते. ब्रिटनला हे माप लावून बघा. १८१५ मध्ये नेपोलियन हरला, पुढचं महायुद्ध थेट ९९ वर्षांनी. ब्रिटनची सत्ता ढासळली ती कर्जापायी. १९४६ मध्ये त्याने अमेरिकेकडून ३.७५ अब्ज डॉलर दोन टक्के व्याजाने घेतले. शेवटचा हप्ता फिटला २००६ च्या डिसेंबरात! २८ फेब्रुवारी १९४८ ला शेवटची ब्रिटिश पलटण आपल्या गेटवेच्या कमानीतून बोटीकडे गेली. १९५६ मध्ये सुएझवर चढाई केली, तेव्हा पौंड घसरू लागला, अमेरिकेने मदत अडवली आणि माघार घ्यावी लागली.

म्हणून पंचांग नको, जमाखर्च बघा. कर्जावरचं व्याज आणि संरक्षणखर्च या दोन रकमा शेजारी ठेवा. २०२४ च्या आर्थिक वर्षात अमेरिकेचं व्याज संरक्षणखर्चाच्या पुढे गेलं.