आधी विहीर, मग खोल्या

चि. बाय,

तुझा लांबलचक मेसेज वाचला. बँक कर्ज द्यायला तयार आहे, पर्यटकांसाठी आठ एसी खोल्या आणि पोहण्याचा तलाव असा नकाशाही हातात आलाय, आणि तरी तुला झोप लागत नाही. लागू नयेच. सगळं लिहिलंस, पण विहिरीबद्दल एक अक्षर नाही!

अगो, मालवणजवळचं आपलं देवबाग म्हणजे एका अंगाला कर्ली नदी, दुसऱ्या अंगाला समुद्र आणि मधे वाळूची चिंचोळी पट्टी. पायाखालचं गोडं पाणी पावसाचं, ते खाऱ्या पाण्यावर तरंगतं. पंप लावून भसाभसा उपसलंस की खालचं खारं वर चढतं, आणि एकदा चढलं की लवकर उतरत नाही. माड तग धरतो. पाहुण्याला मात्र पहिल्याच चहात कळतं. त्यातून गर्दी येते मे महिन्यात, म्हणजे विहीर तळाला गेलेली असते तेव्हा. जिल्ह्यात तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, हे मला कोणी सांगू नये. तो मे महिन्यात पडत नाही.

म्हणून आधी विहीर. वैशाखात सकाळी पाणी उपस आणि संध्याकाळपर्यंत किती भरतं ते दोरीला गाठी मारून मोज. त्यातून घरचं नि बागेचं वजा कर. चादरी-टॉवेलांची धुलाई धरून माणशी किती लागतं ते काढ, आणि उरलेल्या पाण्याला त्याने भाग. उत्तर येईल तेवढेच पाहुणे. सांडपाण्याचा शोषखड्डा कुठे येणार, तेही नकाशात बघ. विहिरीशेजारी काढला असेल तर तो नकाशा चुलीत घाल.

गिऱ्हाईक बदललंय म्हणतेस, ते खरं. पूर्वी दिवाळी आणि मे, एवढाच हंगाम. आता जोडून सुट्टी आली की झुंबड, आणि लॅपटॉप घेऊन आठवडाभर राहणारेही येतात. मग या लॅपटॉपवाल्यांना पावसात बोलाव ना! तेव्हा विहीर काठोकाठ असते. स्कूबा बंद असतं, १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारीबंदी असते, हे बुकिंग घेतानाच सांग. सुरमईचं आमिष दाखवू नकोस. कुळथाची पिठी, सुक्या बांगड्याची किसमूर, टाकळ्याची भाजी वाढ. नाक मुरडणारे मुरडोत, ते एरवीही एसीच्या गारव्यावरूनच भांडले असते.

१९९७ साली सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा झाला, तेव्हापासून जो तो खोल्या मोजतोय. पाणी कोण मोजतो? मी मोजलं आणि चार खोल्यांवर थांबलो. हट्टी म्हणतात मला. तुझी काकी अजून ऐकवते. मुलगा पुण्याला नोकरीला गेला; चार खोल्यांत दोन संसार भागणार नाहीत म्हणाला, आणि त्याचं काही चुकलं नव्हतं. तो सल आहेच. पण मे महिन्यात माझ्या दारात टँकर उभा राहत नाही. ही बढाई वाटली तर वाटू दे.

कर्ज घ्यायचंच असेल तर छपरावरचं पाणी साठवायच्या टाकीसाठी घे आणि दोन खोल्या नीट दुरुस्त कर. तलावाचं नाव काढू नकोस, समुद्र पन्नास पावलांवर आहे. टाकीसाठी कर्ज मागितलंस की मॅनेजर हसेल. हसू दे. त्याच्या घरी नळ येतो.

तुझा,
काका