नैराश्याच्या गोळ्या : ‘निष्प्रभ’, ‘लागू न पडणाऱ्या’ की ‘न मानवणाऱ्या’?

प्रश्न असा : नैराश्यावरील औषधांच्या उपयुक्ततेबद्दल शंका घेणाऱ्या लेखाच्या अनुवादात ‘परिणामशून्य’, ‘निष्प्रभ’, ‘लागू पडत नाहीत’, ‘गुण येत नाही’ हे शब्द आलटूनपालटून वापरले तर चालतील का?

नाही चालणार. ‘परिणामशून्य’ तर आधी काढा. मळमळ, तोंडाला कोरड, कामेच्छा मंदावणे हेही परिणामच. वाद आहे तो नैराश्याला उतार पडतो का आणि प्लासिबोपेक्षा (औषध नसलेल्या, पण तशाच दिसणाऱ्या खोट्या गोळीपेक्षा) किती जास्त, याचा.

‘उतार’ इथे नेमका बसतो. चाचण्यांत नैराश्याची तीव्रता मोजायला बहुधा हॅमिल्टन मापनश्रेणी वापरतात : 17 मुद्दे, कमाल 52 अंक; अंक जितके जास्त तितके नैराश्य तीव्र. (‘गुण’ म्हणू नका, नाहीतर ‘गुण आला म्हणजे गुण कमी झाले’ असले वाक्य लिहावे लागेल.) अंक निम्म्याने किंवा त्याहून जास्त घटले की रिस्पॉन्स, म्हणजेच उतार. 7 किंवा त्याखाली आले की रिमिशन; ‘बरे होणे’ त्यासाठी राखून ठेवा. 28 वरून 14 वर आलेल्या माणसाला उतार पडलेला असतो, तो बरा झालेला नसतो.

आता ‘निष्प्रभ’. मानसशास्त्रज्ञ अर्विंग कर्श यांच्या 2008 च्या विश्लेषणात औषध आणि प्लासिबो यांतला सरासरी फरक 1.8 अंकांचा निघाला. झोपेच्या तीन मुद्द्यांनाच मिळून 6 अंक असतात, म्हणजे नुसती झोप सुधारली तरी एवढा फरक पडू शकतो. उलट, 2018 मध्ये मानसोपचारतज्ज्ञ आंद्रेआ चिप्रियानी आणि सहकाऱ्यांनी 522 चाचण्या तपासल्या, तेव्हा 21 च्या 21 औषधे प्लासिबोपेक्षा सरस ठरली, मात्र फरक बेताचाच. दोन्ही निष्कर्ष एकत्र नांदू शकतात. तेव्हा ‘सरासरी लाभ बेताचा’ लिहा. शिवाय प्लासिबो गटातही बऱ्याच जणांना उतार पडतो, म्हणून ‘प्लासिबोइतकाच’ म्हणजे ‘शून्य’ नव्हे.

मानसोपचारांच्या (गोळ्यांविना, संवादातून केलेल्या उपचारांच्या) चाचण्यांत तर ‘कशापेक्षा सरस’ हे लिहायलाच हवे. तिथे खोटी गोळी देता येत नाही. पुष्कळदा तुलना प्रतीक्षायादीवरच्या, म्हणजे अजून उपचार न मिळालेल्या लोकांशी असते आणि त्यामुळे लाभ फुगून दिसतो.

‘लागू पडणे’ एका माणसापुरते असते, सरासरीला ते लावता येत नाही. तेही पुरेशी मात्रा आणि साधारण चार ते सहा आठवडे दिल्यावरच म्हणावे. दहाव्या दिवशी मळमळीमुळे गोळी सोडली, तर ती ‘मानवली नाही’. लागू पडली असती की नाही, ते कळलेलेच नसते. पुरेशा मात्रेत, पुरेसा काळ दिलेल्या किमान दोन औषधांनी फरक पडला नाही, तर नैराश्य ‘औषधांना दाद देत नाही’ म्हणावे. ‘उपचार-प्रतिरोधक’पेक्षा हे कितीतरी मराठी.

‘आजार उलटला’ हे मात्र जपून लिहा. गोळ्या एकदम बंद केल्यावर दोन-चार दिवसांत चक्कर, चिडचिड, डोक्यात विजेसारखे झटके सुरू झाले, तर तो बहुधा औषध सोडल्याचा त्रास असतो. पॅरोक्सेटिन आणि व्हेन्लाफॅक्सिन या औषधांमध्ये तो विशेष, फ्लुओक्सेटिन शरीरात बराच काळ रेंगाळते म्हणून त्यात कमी. म्हणूनच मात्रा डॉक्टरांच्या सल्ल्याने टप्प्याटप्प्याने उतरवतात. आजार उलटायला सहसा काही आठवडे तरी जातात, आणि त्यात विजेचे झटके नसतात.