अमेरिकन टीव्हीवर आलेला पहिला जपानी यंत्रमानव-नायक कोणता आणि डबिंगमध्ये काय बदलले?
पहिला मान जपानी चित्रकथाकार ओसामू तेझुका यांच्या 'ॲस्ट्रो बॉय'चा. जपानमध्ये १ जानेवारी १९६३ रोजी सुरू झालेली ही मालिका त्याच वर्षी अमेरिकन निर्माते फ्रेड लॅड यांनी इंग्रजीत आणली. मूळ १९३ भागांपैकी १०४ भागांचेच डबिंग झाले. बदल अधिक ठळक दिसतात ते 'जायगँटर'मध्ये, म्हणजे 'तेत्सुजिन २८-गो' या जपानी मालिकेच्या इंग्रजी रूपात. मूळ मालिकेतला, दुसऱ्या महायुद्धात जपानी लष्करासाठी गुप्त शस्त्र म्हणून घडवलेला अजस्र यंत्रमानव अमेरिकन मुलांसमोर आला तो युद्धाचा संदर्भ गाळून, थेट २००० सालच्या जगात. आणि रिमोटच्या पेटीने त्याला चालवणारा शोतारो कानेदा हा मुलगा जिमी स्पार्क्स झाला. 'एट्थ मॅन' या आणखी एका जपानी मालिकेत तर ठार झालेल्या गुप्तहेराची स्मृती यंत्रदेहात घातलेली असते, जी कल्पना मुलांच्या कार्टूनसाठी (माझ्या मते) बरीच गंभीर होती.