भावाचं लग्न, गणपती आणि इंग्लंडची शाळा

नमस्कार. तुमचा प्रश्न असा आहे: येत्या ऑगस्टमध्ये, म्हणजे 2026 ला, पुण्याहून इंग्लंडमधल्या रीडिंग शहरात यायचं जवळजवळ ठरलंय. मुलगी आठ वर्षांची आहे, मुलाला जुलैत चार पूर्ण होतील. धाकट्या भावाचं लग्न नोव्हेंबरअखेर आहे आणि गणपतीला गावी जायची घरची रीत आहे. शाळा चालू असताना मुलांना दहा-बारा दिवस नेलं तर खरंच दंड होतो, की लोक उगाच घाबरवतात?

होतो. एवढं लिहून थांबता आलं असतं, पण प्रश्न वाचल्यापासून डोक्यात तेच चाललंय. आम्हाला इथे येऊन बारा-तेरा वर्षं झाली, तरी हा एक विषय निघाला की माझा आवाज चढतो असं घरचे म्हणतात.

नियम सरकारी संकेतस्थळावर सविस्तर आहेत, ते मी उतरवत बसत नाही. तिथे चटकन लक्षात येत नाही तेवढंच सांगते. 2013 च्या सप्टेंबरपर्यंत इथल्या हेड टीचरना वर्षाला दहा दिवसांपर्यंत घरगुती सुट्टी मंजूर करता यायची. आधीच्या पिढीतली मंडळी सांगतात ना, 'आम्ही मुलांना खुशाल घेऊन जायचो', ते त्या काळातलं. आता 'अपवादात्मक कारण' असेल तरच परवानगी मिळते, आणि कुठलं कारण अपवादात्मक हे हेड टीचर ठरवणार. पाच शाळेचे दिवस विनापरवाना बुडले की प्रकरण काउन्सिलकडे, म्हणजे इथल्या नगरपालिकेकडे, जातं. ऑगस्ट 2024 पासून दंड 80 पाउंड आहे, तोही 21 दिवसांत भरला तर, नाहीतर 160. हा दर मुलामागे आणि दर पालकामागे आहे. म्हणजे दोन मुलं आणि आईबाबा धरले तर 320. तीन वर्षांच्या आत त्याच मुलासाठी दुसऱ्यांदा झालं तर थेट 160, सवलत नाही. तिसऱ्यांदा दंडाची पावतीही येत नाही, प्रकरण कोर्टात जाऊ शकतं, आणि तिथे 2,500 पाउंडांपर्यंत मजल जाते.

'मुलगी हुशार आहे, हजेरी चांगली आहे' असं तुम्ही लिहिलंय. त्याचा उपयोग नाही हो. आयल ऑफ वाइटचे जॉन प्लॅट 2015 मध्ये मुलीला शाळेच्या दिवसांत फ्लोरिडाला घेऊन गेले. मुलीची एकूण हजेरी नव्वद टक्क्यांच्या वर होती, त्या जोरावर ते 120 पाउंडांसाठी थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत भांडले. एप्रिल 2017 मध्ये हरले. नियमित हजेरी म्हणजे शाळेच्या नियमाप्रमाणे हजेरी, असं कोर्टाने सांगितलं. तेव्हा तो रस्ता बंद समजा. स्कॉटलंडमध्ये असे दंड नाहीत आणि वेल्समध्ये हेड टीचरच्या हातात अजून दहा दिवस आहेत, पण तुमची नोकरी रीडिंगची.

लोक लगेच हिशोब मांडतात. जुलै-ऑगस्टात आणि ख्रिसमसला मुंबईची तिकिटं अशी काही चढतात की चौघांचा फरक काढला तर दंड भरून नोव्हेंबरात जाणं स्वस्त पडतं. हे इथल्या प्रत्येक देशी घराला ठाऊक आहे आणि शाळेलाही ठाऊक आहे. पैशांचा भाग मला तसा किरकोळच वाटतो. खरी पंचाईत पंचांगाची आहे, आणि ती येण्याआधी आम्हाला कोणी सांगितली नव्हती.

बघा. इथली मोठी सुट्टी जुलैअखेर ते सप्टेंबरची सुरुवात. आपल्याकडे तेव्हा चातुर्मास. लग्नं नाहीत, मुंजी नाहीत, आंबे संपलेले. कोकणात आमच्या घरी धो धो पाऊस, आणि चुलत-मावस भावंडं सकाळी साडेसहाला रेनकोट चढवून शाळेत. माझी मुलं ओटीवर बसून त्यांची वाट बघणार. ती दुपारी येणार, जेवून क्लासला जाणार. ईस्टरची दोन आठवडे सुट्टी म्हणजे आपल्याकडे वार्षिक परीक्षा. मे महिना, म्हणजे सगळं गोत एका घरात, अंगणात गाद्या, फणसाचे गरे, तो इथे ऐन परीक्षांचा. मेअखेरीला एक आठवडा मिळतो, त्यातले दोन दिवस प्रवासात. तुळशीचं लग्न झालं की आपल्याकडे मुहूर्त सुरू होतात, तर इथे नोव्हेंबर म्हणजे सत्राचा मध्य. राहता राहिला ख्रिसमस. त्या दोन आठवड्यांत सगळे नातेवाईक, डेंटिस्ट, बँक, सोसायटीच्या सह्या आणि जमलं तर कुलदैवत.

गणपतीचं तर नशीबच. 2025 ला 27 ऑगस्टला आले, सुट्टीत. आम्ही चिपळूणजवळच्या आमच्या घरी गेलो. गौरी जेवायच्या आधी मात्र विमानतळावर, कारण दोन-तीन दिवसांत शाळा उघडणार होती. यंदा अधिक महिना आल्यामुळे गणपती 14 सप्टेंबरला, सोमवारी. तुमच्या मुलीची शाळा सुरू होऊन जेमतेम दहा दिवस झालेले असतील. यंदा गणपती रीडिंगलाच बसवा. ट्रेनने लंडन, पुढे डॉलिस हिलला महाराष्ट्र मंडळ आहे, 1932 पासूनचं. आरतीला जा, मुलांना ताशा ऐकू द्या. सणासाठी शाळा सहसा एक दिवस मंजूर करते, धार्मिक कारण म्हणून त्याची वेगळी नोंद होते. एक दिवस. आपल्या दिवाळीचे किती दिवस असतात हे समजावून सांगायच्या भानगडीत मी आता पडत नाही.

आता माझं. मुलगी इयर फोरमध्ये, म्हणजे आठ-नऊ वर्षांची, असताना फेब्रुवारीत सासूबाई गेल्या. रात्री फोन आला, पहाटे आम्ही हीथ्रोला. मी विमानात बसायच्या आधी शाळेला ईमेल टाकला. नवरा घरातला थोरला मुलगा, सगळं त्यानेच करायचं होतं. तिसऱ्या दिवशी शाळेचं उत्तर आलं: आपल्या दुःखात सहभागी आहोत, अंत्यसंस्कारासाठी दोन दिवसांची रजा मंजूर, पुढचे दिवस विनापरवाना धरले जातील. मी परत लिहिलं की आमच्यात तेरावा असतो, बारा-तेरा दिवस घर सुतकात असतं. त्यावर उत्तर आलं की धोरण सर्वांना सारखं आहे.

मी मुलांना घेऊन दहाव्याच्याही आधी निघाले. का, तर ती शाळा मिळायला आम्हाला दीड वर्ष लागलं होतं. आलो तेव्हा आमच्या खिडकीतून दिसणाऱ्या शाळेत जागा नव्हती. पहिल्या तीन वर्गांत, म्हणजे रिसेप्शन, इयर वन आणि इयर टूमध्ये, एका शिक्षकामागे 30 च्या वर मुलं घेता येत नाहीत, कायदा आहे. एकतिसावी म्हणून माझी मुलगी गावाच्या दुसऱ्या टोकाला, दोन बस बदलून. मधल्या सुट्टीचा गलका आम्हाला स्वयंपाकघरात ऐकू यायचा. त्या जागेसाठी मी काउन्सिलला किती फोन केले, भाडेकरार, बँक स्टेटमेंट, विजेचं बिल किती वेळा पाठवलं, आणि बिल नवऱ्याच्या नावावर आहे म्हणून ते कसं परत आलं, हे लिहायला घेतलं तर रात्र जाईल. एवढं करून मिळालेली जागा. आणि फार दिवस गैरहजर राहिलं तर पटावरून नाव जाऊ शकतं, हेही नियमात आहे. म्हणून निघाले.

तरी दंड आलाच. दोन पाकिटं, एक त्याच्या नावाचं, एक माझ्या. तेव्हा 60 पाउंड होता. अशा दंडावर अपील नसतं. भरा, नाहीतर कोर्टात उभे राहा. मला उभं राहायचं होतं. नवऱ्याने डोकं भादरलेलं होतं, खाली मान घालून फोनवरून दोन्ही भरून टाकले आणि म्हणाला, आता पुरे. जुलैत शाळेच्या जत्रेत शंभर टक्के हजेरीवाल्यांना हिरवे पट्टे मिळाले मनगटात घालायला, हवा भरलेल्या रबरी किल्ल्यावर फुकट उड्या मारायला. माझी मुलगी बाजूला उभी होती. मी एक पाउंड पुढे केला, तर म्हणाली, "नको, विकतवाल्यांचा पट्टा पिवळा असतो." आज ती सेकंडरी शाळेत आहे, तिला हे आठवतही नाही. मला पट्ट्याचा रंग दिसतो. आणि सासरी मी तेराव्याला न थांबलेली सून आहे, ते वेगळंच.

गंमत म्हणजे यात माझ्या बाजूने माहेरचंही कोणी नाही. माझे वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. भातलावणीला आणि शिमग्याला वर्ग ओस पडायचे, तेव्हा ते वाडीवाडीतून हिंडून, चिखलातून मुलांना हाताला धरून शाळेत आणायचे. दंडाचं सांगितलं तर म्हणाले, "बरोबर आहे त्यांचं. एकाला सोडलं की सगळी जातात." मी फोन ठेवून दिला. मनातल्या मनात मलाही माहीत आहे की ते खोटं बोलत नाहीत. पण लावणीला गेलेलं पोर आणि आजीच्या तेराव्याला थांबलेलं पोर एकाच रकान्यात बसवायचं, हे मला अजून पटत नाही.

आणि आता जे सांगते ते कुठल्या संकेतस्थळावर नसतं. त्यानंतर काही वर्षांत हा नियम मला सोयीचा वाटायला लागला. घरात जमिनीच्या वाटणीवरून धुसफूस सुरू होती. जाऊबाईंच्या मुलाची मुंज निघाली, नणंदेची साठी निघाली. "अहो, मुलांची शाळा आहे ना, इथे फार कडक आहे," एवढं म्हटलं की पुढे कोणी बोलत नाही. रागही येत नाही त्यांना, उलट कौतुकच करतात. तिकिटं वाचतात, रजा वाचते, त्या घरात जाऊन बसणं वाचतं. धाकटा माझा आता चुलत भावंडांना व्हिडिओ कॉलवर 'हाय' म्हणतो आणि खेळायला पळतो. शाळेने मला जितक्यांदा अडवलं, त्याहून जास्त वेळा मी शाळेला पुढे केलं असेल. म्हणून तुम्हाला सांगते, इथे आल्यावर 'शाळा आहे' हे उत्तर तुमच्याही तोंडी फार लवकर बसेल.

एकटेपणाचंही विचारलंत. असतो. पहिला हिवाळा कठीण, दुपारी चारला अंधार पडतो. मग ओळखी होतात, कोणीतरी डोसा पीठ वाटून देतं. त्यावर लिहिण्यासारखं काही नाही.

तर तुमच्यापुरतं. मुलगा सप्टेंबरात रिसेप्शनला बसेल, पण त्याचं सक्तीचं वय सप्टेंबर 2027 ला सुरू होतं, पाच पूर्ण झाल्यानंतरच्या सत्रापासून. तोवर त्याच्यासाठी दंड नाही. प्रश्न फक्त मुलीचा. ती इयर फोरला जाईल. त्या वर्षी जूनमध्ये पाढ्यांची सरकारी चाचणी असते, बारापर्यंत. पुण्याहून पाढे म्हणत आलेल्या मुलीला ती करमणूक आहे, त्याची काळजी नको.

कोणी सुचवेल की तुम्ही एकटे पुढे या आणि घरच्यांना लग्न उरकून जानेवारीत येऊ द्या. म्हणजे तोवर इथल्या पटावर नावच नाही, दंड कसला. हे खरं आहे. पण जानेवारीत उरल्यासुरल्या जागा मिळतात, आणि दोन मुलं दोन शाळांत जायची शक्यता दाट. एकाच वेळी सव्वातीनला दोन फाटकांवर उभं राहता येत नाही. मी तरी सगळ्यांनी ऑगस्टमध्येच यावं म्हणेन. ऑगस्टभर शाळांची ऑफिसं बंद असतात आणि बऱ्याच काउन्सिल इथला पत्ता असल्याशिवाय अर्ज धरत नाहीत, म्हणून घराचा करार आल्या आल्या करा, आणि दोघांच्या नावावर करा.

लग्नाला मात्र मुलीला न्या. दहा-बारा दिवस नको. शुक्रवारी शाळा सुटली की रात्रीचं विमान, आणि पुढचे चार दिवस. हळद, सीमांत पूजन, लग्न, पूजा, बस. पाच दिवसांच्या आत राहता येतं. पण हे दरवर्षी करू नका. मुद्दाम मर्यादेखाली राहतात असं दिसलं तर काउन्सिल तेव्हाही दंड लावू शकते. आजारी आहे असं खोटं कळवू नका. शाळेतून फोन येतो, रिंग परदेशातली वाजते, आणि तसंही सोमवारी मुलगी हातावरची मेंदी घेऊन वर्गात बसणार असते. अर्ज ऑक्टोबरच्या सुरुवातीलाच द्या, लग्नपत्रिका इंग्रजीत छापून जोडा, सख्खा काका हे स्पष्ट लिहा. परवानगी नाही मिळाली तरी न्या. उगाच विनवण्या करत बसू नका, झालाच दंड तर 160 पाउंड दोघांचे मिळून, भरून टाका.

माझ्याकडे अशा अर्जांचे दोन-तीन मसुदे आहेत, त्यातला एक मंजूर झालेला. हवा असेल तर सांगा, पाठवते.