कूबर पेडीत (दक्षिण ऑस्ट्रेलिया) घर घ्यावं का, तिथली वस्ती कशी आहे?

घ्यायचंच असेल तर जमिनीखालचं, डोंगर कोरून केलेलं ‘डगआउट’ घ्या. बाहेर उन्हाळ्यात ४५ अंश, पण आत वर्षभर २३-२५. एसी लागतच नाही. भिंतींवर खोदयंत्राच्या दातांचे गोल वळ दिसतात. माती झडू नये म्हणून भिंतींवर पारदर्शक थर दिलाय का, हवेची नळी मोकळी आहे का, एवढं नक्की बघा. स्वयंपाकघर, न्हाणीघर बहुधा दर्शनी भागात असतं, नळजोडणीसाठी. पाणी मात्र महाग, बोअरचं, क्षार काढलेलं.

१९१५ साली ओपल हे रत्न सापडलं, म्हणून गाव वसलं. वस्ती जेमतेम दीड हजार. ग्रीक, सर्ब, क्रोएट, आदिवासी शेजारी-शेजारी राहतात. सर्बियन चर्चसुद्धा जमिनीखालीच! राज्याची राजधानी ॲडलेड मात्र साडेआठशे किलोमीटरवर, त्यामुळे मोठ्या आजारपणाचा विचार आधी करा.