परतीची जागा धक्क्यावर ठरते

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

नॉर्वेतल्या ट्रॉम्सोहून आलेले तुझे पत्र तीन वेळा वाचले. अकरा प्रवाशांना देवमासे दाखवायला तू निघालास, फ्योर्डच्या, म्हणजे डोंगरांमधल्या त्या अरुंद खाडीच्या, तोंडाशी लाटांचा फवारा कठड्यावर गोठू लागला म्हणून परत फिरलास, आणि तुझ्या मागून गेलेली दुसरी बोट मात्र देवमासे दाखवून सुखरूप आली. ‘म्हणजे मी चुकलो का, काका?’ असे तू विचारतोस. दुसरी बोट परत आली, यावरून तुझ्याविषयी काहीही सिद्ध होत नाही. तू चुकलास ते निराळ्याच ठिकाणी: परत फिरावे की नाही, हा विचार तू प्रवाशांच्या चेहऱ्यांकडे पाहत सुरू केलास. तो दोर सोडण्याआधी, धक्क्यावरच संपलेला असायला हवा होता.

आपल्याकडे पावसाळ्यात मांडव्याच्या लाँच बंद असतात आणि कोळी नारळी पौर्णिमेला नारळ वाहून मगच होडी पाण्यात लोटतो. दर्या केव्हा बंद, हे तांडेलाला एकट्याने ठरवावे लागत नाही. तिथे नोव्हेंबरअखेरपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्य क्षितिजावर येत नाही आणि नेमके तेच दिवस देवमाशांचे व पर्यटकांचे असतात. दर्या बंद करणारे पंचांग तिथे तुलाच रोज सकाळी लिहायचे आहे.

मी ते एकदा लिहिले नाही. तिथल्या माझ्या तिसऱ्या हिवाळ्यात हवा उणे १२ अंशांवर होती, दरीतून उतरणारा वारा थेट अंगावर येत होता, आणि मी ‘आणखी पाच मिनिटे’ असे पाच वेळा म्हणालो, कारण आधीचे दोन दिवस फेरी रद्द झालेली होती. खारे पाणी उणे १.९ अंशांच्या आसपास गोठते. फवारा डोलकाठीवर, कठड्यावर, केबिनच्या छतावर धरत जातो आणि वजन नको तिथे, म्हणजे वर, साचते. मग बोटीचे डोलणे संथ होत जाते, आणि ती उलटू शकते याची तीच खूण असते. एक बाई म्हणाल्या, ‘बरे झाले, समुद्र शांत झाला,’ आणि काही क्षण मलाही तसेच वाटले, याची लाज मला अजून वाटते. बोट एका कुशीवर कलून थांबायची आणि विचार केल्यासारखी सावकाश सरळ व्हायची. चाळीस मिनिटांच्या वाटेला आम्हांला दोन तास लागले. लाकडी मोगरीने बर्फ फोडणाऱ्या माझ्या मदतनिसाच्या दोन बोटांची टोके त्या दिवशी काळी पडली. त्याने मला कधी बोल लावला नाही, म्हणून ते अधिक सलते.

त्यानंतर मी धक्क्यावर ठरवू लागलो. वारा सेकंदाला १० मीटरच्या पुढे आणि हवा उणे पाचाच्या खाली असेल, तर फ्योर्डचे तोंड ओलांडायचे नाही, हा माझा आकडा. तुझी बोट वेगळी, तुझा आकडा तू काढ. पण तो कागदावर लिही, मदतनिसाला दाखव, प्रवाशांना निघण्याआधी वाचून दाखव. पाणी चार-पाच अंशांचे असते. त्यात पडलेल्या माणसाचा पहिला मिनिट श्वास सावरण्यात जातो आणि नंतर हात जेमतेम दहा मिनिटे कामाचे राहतात, हेही सांग. भीती वाटली तर वाटू दे.

मालकाने पुढच्या हंगामात मला बोलावले नाही. मी रद्द केलेल्या दिवसांपैकी निम्म्या दिवशी दुपारी वारा पडला, असे त्याने मला हिशेब मांडून दाखवले, आणि हिशेब खरा होता. तरीही मी बरोबरच होतो. सकाळी धक्क्यावर उभ्या असलेल्या माणसाला दुपारचा वारा दिसत नसतो, एवढी साधी गोष्ट त्याला पटली नाही, आणि पटवून देण्याइतका धीर माझ्यात नव्हता. तुझ्यात असेल तर पाहा.

इंजिनाच्या पाण्याच्या जाळीत बर्फाचा चिखल अडकतो, ती रोज पाहत जा. बर्फावर लोखंडी हातोडा चालवू नकोस. आणि पुढच्या पत्रात देवमाशांचे वर्णन नको. निघण्याआधी कागदावर काय लिहिले होतेस, तेवढे कळव.

तुझा,
काका