उद्धट की आगाऊ?

प्रश्न : नातू सातवीत आहे. बाईंनी फळ्यावर 'आशिर्वाद' लिहिलं, तर हा जागेवरूनच ओरडला, "बाई, शी दीर्घ!" वहीत शेरा आला : 'मुलगा उद्धट आहे.' सूनबाई म्हणतात, उद्धट नाही, नुसता आगाऊ आहे. दोन्ही एकच ना?
— एक आजोबा, सातारा

उत्तर : आजोबा, 'शी' दीर्घच. आणि सूनबाईंचंही बरोबर आहे.

आगाऊ म्हणजे वेळेच्या आधीचा. एसटी स्टँडवर आगाऊ आरक्षण होतं, घरमालक आगाऊ भाडं मागतो. त्यात शिवी नाही. तोच शब्द पोराला लावला की विचारायच्या आत तोंड घालणारा. नातवाने आधी हात वर करायला हवा होता, एवढंच.

उद्धटाचं तसं नाही. संस्कृतातल्या 'उद्धत'चं हे मराठी रूप. उद्धत म्हणजे वर उचललेला, ताठ. जिथे मान राखायचा तिथे मुद्दाम न राखणारा. म्हणून हा शब्द बहुधा वरून खाली येतो : आई मुलाला म्हणते, मास्तर विद्यार्थ्याला. साहेबाला पाठीमागेसुद्धा आपण सहसा उद्धट म्हणत नाही. तो उर्मट असतो, नाहीतर मग्रूर. खिडकीपलीकडून मान वर न करता "उद्या या" म्हणणारा कारकूनही उर्मटच. हातात चिमूटभर तरी सत्ता असल्याशिवाय उर्मटपणा जमत नाही. मुद्रितं तपासण्यात माझा जन्म गेला; वाचकांच्या तक्रारींच्या पत्रांत हा फरक फारसा कुणी चुकत नाही.

माझा लाडका शब्द 'उद्दाम'. दाम म्हणजे दोर, आपलं गुरांचं दावं. ते पोटाला बांधलेला तो दामोदर, आणि तोडून सुटलेला तो उद्दाम. हे कळल्यापासून पेपरातला 'उद्दाम पुढारी' वाचला की मला पिकात घुसलेला खोंडच दिसतो.

फटकळाला मात्र या पंगतीत बसवू नका. "तोंडाने फटकळ आहे, पण मनात काही नाही" असं त्याच्याबद्दल म्हणतात. उद्धटाची अशी बाजू घेताना कुणाला ऐकलंय?

शेरा खोडून घ्यायला शाळेत जाणार असाल, तर आधी नातवाला एक विचारा : "शी दीर्घ" एवढ्यावरच थांबलास, की पुढे "एवढंही येत नाही?" असंही म्हणालास? म्हणाला असेल, तर बाईंचा शब्द अचूक आहे.